जात्यावरचे गीत आणि नायसियाचा शब्द

रविवारच्या मिस्सेत प्रवचन संपले की आपण उभे राहतो आणि विश्वासांगिकार म्हणू लागतो. पाठ झालेल्या गोष्टीला जी सफाई येते त्या सफाईने तो एका लयीत पार पडतो आणि आपण पुढच्या विनवण्यांकडे वळतो. त्या एकदोन मिनिटांत आपण जे शब्द उच्चारतो त्यांतील एकेका शब्दासाठी माणसे हद्दपार झाली, सम्राटांनी हुकूम काढले आणि ते फिरवले, शहरांच्या रस्त्यांवर दगड भिरकावले गेले. याची आठवण त्या क्षणी कोणाला होत असेल असे आम्हांस वाटत नाही. आम्हांला स्वतःलाही ती होत नसे.

ती आठवण आम्हांला करून दिली एका मुलीने. आमच्या स्नेह्यांच्या घरची ही दहा वर्षांची मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गावरून परतली आणि भर जेवणात तिने विचारले, “येशू देव आहे, तर गेथसेमनीच्या बागेत तो प्रार्थना कोणाची करत होता?” आईने वडिलांकडे पाहिले, वडिलांनी आमच्याकडे. आम्ही काहीतरी उत्तर दिले, परंतु ते तिला पटले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही पटले नाही. पुढे वाचन करता करता ध्यानात आले की हा प्रश्न त्या मुलीच्या आधी सुमारे सतराशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याने अवघी ख्रिस्तसभा ढवळून काढली होती.

२०२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. पोप चौदावे लिओ यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तुर्कस्तानातील इझनिक येथे, म्हणजेच प्राचीन नायसियात, इतर ख्रिस्ती मंडळ्यांच्या प्रमुखांसमवेत प्रार्थना केली. त्या निमित्ताने धर्मपंडितांनी पुष्कळ लिहिले. आम्ही धर्मपंडित नव्हे, साहित्याचे वाचक आहोत. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्या वादाकडे जरा निराळ्या बाजूने पाहणार आहोत. हा वाद ज्या वाङ्मयातून लढला गेला ते वाङ्मय कसे होते? कोणाच्या शब्दांत काय बळ होते, आणि कोणाचे कोठे उणे पडले?

गाणारा धर्मगुरू

चौथ्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या बंदराच्या शहरात आरियस नावाचा धर्मगुरू होता. तो मूळचा लिबियाकडचा. बौकालिस नावाच्या चर्चची जबाबदारी त्याच्यावर होती. पुढच्या काळातील विरोधकांनीही त्याचे वर्णन उंच, गंभीर मुद्रेचा आणि गोड बोलणारा असेच केले आहे. आपले बिशप अलेक्झांडर पुत्राला पित्याइतकाच अनादी मानतात, हे त्याला रुचले नाही. देव एकच, अजन्मा आणि अनादी आहे. तेव्हा जो जन्मला तो अनादी कसा असेल, असा त्याचा सवाल होता. पुत्र हा सर्व सृष्टीच्या आधीचा व सर्वांहून श्रेष्ठ आहे हे त्याला मान्य होते. परंतु तो पित्याच्या इच्छेने शून्यातून निर्माण झालेला आहे, म्हणजे अखेर निर्मितीच आहे, असे तो शिकवी.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. आरियसला ख्रिस्ताचा अवमान करावयाचा नव्हता. त्याला देवाचे एकत्व राखावयाचे होते. त्याच्या हाती बायबलमधील वचनेही होती. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात प्रज्ञा स्वतःविषयी बोलते; तेथे ग्रीक भाषांतरात देवाने तिला निर्माण केले अशा अर्थाचे क्रियापद आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात स्वतः येशू पित्याला आपल्याहून थोर म्हणतो. येशूला भूक लागते, तो रडतो, प्रार्थना करतो, अखेरचा दिवस आपणांस ठाऊक नाही असे सांगतो. आमच्या स्नेह्यांच्या मुलीचा प्रश्न तो हाच.

बिशपांनी त्याला ख्रिस्तसभेबाहेर काढले. त्यानंतर त्याने जे केले ते साहित्याच्या वाचकाला विशेष लक्षवेधी वाटावे असे आहे. त्याने गीते रचली. फिलोस्टॉर्जियस हा इतिहासकार आरियसच्या बाजूचा. त्याने लिहून ठेवले आहे की आरियसने खलाशांसाठी, जाते ओढणाऱ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी गीते लिहून त्यांना चाली लावल्या. ज्यांच्या घरात आजीच्या तोंडी जात्यावरची ओवी होती त्या मराठी वाचकांना या गोष्टीचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. दळणाऱ्या हाताबरोबर जे गाणे घरात येते ते पोथीच्या आधी येते आणि पोथीच्या नंतरही राहते. आरियसने हे नेमके ओळखले होते.

‘थालिया’: सापडते तेवढीच

आरियसची प्रमुख रचना ‘थालिया’. या ग्रीक शब्दात सुबत्तेचा आणि मेजवानीचा भाव आहे. ती आज अखंड उपलब्ध नाही. तिचे जे तुकडे उरले आहेत ते मुख्यतः संत अथनासियस यांच्या लेखनात, खंडनासाठी उद्धृत केलेले. त्यांतील सर्वांत मोठा उतारा चाळीसएक ओळींचा आहे. एखाद्या कवीच्या कवितेची परीक्षा त्याच्या कट्टर विरोधकाने निवडलेल्या ओळींवरून करावयाची, हे समीक्षकाच्या दृष्टीने अवघड काम आहे. प्रतिपक्षाच्या वकिलाने पुढे ठेवलेला पुरावा खरा असू शकतो. परंतु तो पूर्ण असतोच असे नाही.

ही मर्यादा मान्य करूनही दोन गोष्टी म्हणता येतील. पहिली म्हणजे अथनासियस यांनी या रचनेच्या वृत्तावरच ठपका ठेवला. मद्याच्या बैठकींतून म्हटल्या जाणाऱ्या सोटाडीस या कवीच्या हलक्या गीतांशी त्यांनी तिची तुलना केली. हा आरोप आम्हांस फारसा वजनदार वाटत नाही. लोकांच्या ओठी असलेली चाल घेऊन तीत धर्मविचार भरणे हा दोष असेल तर तो आपल्या कितीतरी भक्तिगीतांना लागेल. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले तेव्हा त्यांनीही लोकांच्या कानात घुमणारी ओवीच निवडली होती. चाल कोणाची हा प्रश्न गौण आहे. चालीत काय भरले आहे हे पाहावयास हवे.

दुसरी गोष्ट याच संदर्भातली. त्या उरलेल्या ओळींचा आशय पाहिला तर तेथे एकच हालचाल पुनःपुन्हा होताना दिसते. देव अवर्णनीय आहे, त्याला तोड नाही, त्याच्या तोलाचे कोणी नाही, असे कवी म्हणतो. मग लगेच तो पुत्राकडे वळतो आणि पुत्राला आरंभ आहे म्हणून त्याच्या तुलनेत पित्याला अनादी म्हणून गौरवितो. अजन्मा आणि जन्मलेला, अनादी आणि आरंभ असलेला, अशा विरोधांवर चरणामागून चरण उभे राहतात. देवाच्या अगाधतेची जाणीव तेथे निश्चित आहे आणि तिच्यात एक धीरगंभीर सौंदर्यही आहे. परंतु पित्याची थोरवी पुत्राच्या उणेपणावर तोललेली आहे. पुत्रसुद्धा पित्याला पूर्णपणे जाणत नाही, असे कवी शेवटी सुचवितो. मग मनात येते, जो स्वतःच उंबऱ्याबाहेर उभा आहे तो आपल्याला घरात कसा नेणार? या गीतातला देव महान आहे, पण तो कोणाकडे येत नाही. आमच्या मते ‘थालिया’चे साहित्यिक उणे आणि धार्मिक उणे एकाच जागी आहे.

अथनासियस: तापलेले गद्य, निवळलेल्या प्रतिमा

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाईन यांनी नायसियात परिषद बोलावली. परंपरेने तेथील बिशपांची संख्या ३१८ सांगितली जाते. प्रत्यक्षात ती दोनशे ते तीनशेच्या दरम्यान असावी असे आजचे अभ्यासक मानतात. अथनासियस हे त्या वेळी तरुण डीकन होते आणि आपल्या बिशपांसोबत आले होते. ३२८ साली ते स्वतः अलेक्झांड्रियाचे बिशप झाले. त्यानंतर चार सम्राटांच्या कारकिर्दीत पाच वेळा त्यांना परागंदा व्हावे लागले. एकूण सतरा वर्षे त्यांनी आपल्या आसनापासून दूर, कधी ट्रियर येथे, कधी रोममध्ये, कधी इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांच्या आश्रयाने काढली.

ते आपले संत आहेत, ख्रिस्तसभेचे आचार्य आहेत. तरीही वाचक म्हणून सांगितले पाहिजे की आरियसविरुद्धचे त्यांचे लेखन अनेक ठिकाणी तापलेले आहे. शिवराळ विशेषणे आहेत, तीच ती पुनरुक्ती आहे. ३३६ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये आरियस अचानक मरण पावला. त्या मृत्यूची हकीकत त्यांनी ज्या सुरात सांगितली आहे तो सूर वाचताना आजच्या वाचकाला अवघडल्यासारखे होते. प्रतिपक्षाचा मृत्यू हा युक्तिवाद होऊ शकत नाही.

परंतु तेच अथनासियस जेव्हा वैऱ्याला विसरून केवळ ख्रिस्ताकडे पाहतात तेव्हा त्यांची लेखणी कशी निवळते ते ‘शब्दाचा देहावतार’ या त्यांच्या छोट्या ग्रंथात पाहावे. त्यात आरियसचे नावसुद्धा नाही. तेथे दोन प्रतिमा आहेत. एखादा राजा मोठ्या नगरात येऊन एकाच घरी उतरला तरी अवघ्या नगराला मान मिळतो आणि शत्रूची तिकडे डोळा वर करण्याची हिंमत होत नाही. त्याप्रमाणे शब्द एका देहात राहावयास आला आणि साऱ्या मानवजातीचा सन्मान झाला. दुसरी प्रतिमा चित्राची. फळीवरचे चित्र डाग पडून पुसट झाले तर फळी फेकून देत नाहीत; ज्याचे ते चित्र आहे त्याने पुन्हा समोर येऊन बसावे लागते, म्हणजे त्याच फळीवर ते नव्याने रेखाटता येते. मनुष्यात देवाची प्रतिमा मळली होती. ती उजळण्यासाठी ज्याची प्रतिमा तोच आला.

या दुसऱ्या प्रतिमेत अवघ्या वादाचे सार आले आहे. समोर येऊन बसणारा मूळचाच असला पाहिजे. त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी बसला तर चित्र दुसऱ्याचेच होईल. पुत्र जर निर्मिती असेल तर आपला स्नानसंस्कार एका निर्मितीच्या नावाने झाला, आपण निर्मितीला नमन केले आणि आपल्याला देवाशी जोडणारे कोणी उरलेच नाही, असे अथनासियस यांचे म्हणणे. आणि गेथसेमनीतील प्रार्थनेविषयी? शब्दाने घेतलेला देह हा पांघरलेला वेश नव्हता, त्याचा स्वतःचा देह होता. म्हणून त्या देहाची भूक, भय आणि अश्रू हेही त्याचेच होते, असे ते सांगतात. देवत्व आणि मनुष्यत्व यांचा पूर्ण उलगडा पुढे ४५१ सालच्या कॅल्सेडन परिषदेत झाला, परंतु वाट येथे मोकळी झाली होती. त्या मुलीला द्यावयाचे उत्तर आम्हांला येथे सापडले. येशूने पुत्र म्हणून पित्याशी जे बोलणे अनादी काळापासून चालविले होते, तेच आता तो मनुष्याच्या कंठाने, मनुष्याच्या घामाने करीत होता.

परका शब्द

नायसियाने आपल्या विश्वासाच्या मजकुरात एक शब्द घातला: होमोऊसिओस. पुत्र आणि पिता यांचे सत्त्व एकच आहे, असा त्याचा अर्थ. साहित्याच्या दृष्टीने पाहिले तर हा शब्द त्या मजकुरात उपराच दिसतो. सभोवतीची भाषा प्रार्थनेची, पिता, पुत्र, प्रकाश अशा शब्दांची. मध्येच हा तत्त्वज्ञांच्या पाठशाळेतला शब्द. तो बायबलात नाही. इतकेच नव्हे, तर २६८ साली अंत्युखियाच्या परिषदेत तो निराळ्या संदर्भात नाकारला गेला होता. अनेक प्रामाणिक बिशपांना तो बोचला. अथनासियस यांनीही प्रारंभीच्या लेखनात तो फार जपून वापरला आहे. पुढे त्यांनी त्याचे समर्थन केले ते अशा भूमिकेवरून की बायबलमधील प्रत्येक गोड शब्दाला प्रतिपक्ष आपला अर्थ लावून मान डोलवीत होता. तेव्हा पळवाट राहणार नाही असा शब्द शोधणे भाग पडले.

हे आम्हांस पटते. प्रत्येक सुंदर शब्द कवितेत शोभतो, परंतु दस्तऐवजात कधी कधी एखादा खडबडीत शब्दच खिळ्यासारखा काम करतो. २०११ साली इंग्रजी मिस्साग्रंथाची नवी आवृत्ती आली तेव्हा या ठिकाणी सोपी शब्दयोजना जाऊन ‘कन्सबस्टॅन्शियल’ हा बोजड शब्द आला आणि अनेकांनी नाके मुरडली. तो जिभेला अडखळवतो हे खरे. परंतु वर्षातून एकदा तरी अडखळून थांबावे आणि आपण काय म्हणत आहोत ते स्वतःला विचारावे, एवढा उपयोग त्या अडखळण्याचा व्हावयास हरकत नाही.

आरशामागचा आवाज

खिळा ठोकला म्हणजे घर होत नाही. घरात राहावयास गाणे लागते. ते गाणे दिले सिरियाच्या संत एफ्रेम यांनी. ते नुसैबिन, म्हणजे तेव्हाच्या निसिबिस, या सरहद्दीवरच्या गावचे. ३६३ साली ते गाव इराणच्या ताब्यात गेले आणि एफ्रेम निर्वासित होऊन एडेसाला आले. तेथे ३७३ साली, म्हणजे अथनासियस यांच्याच मृत्युवर्षी, त्यांनी देह ठेवला. ‘श्रद्धेची स्तोत्रे’ या त्यांच्या संग्रहात ८७ रचना आहेत. त्या सुरियानी भाषेत आहेत आणि परंपरा सांगते की एफ्रेम यांनी स्त्रियांचे गायकवृंद उभे करून त्यांच्याकडून आपली स्तोत्रे गाऊन घेतली.

देव अगाध आहे, हे आरियसप्रमाणे एफ्रेमही म्हणतात. किंबहुना देवाच्या अंतरंगाची चिरफाड करणाऱ्या पंडितांवर त्यांचा रोष अधिक आहे. परंतु एकाच ठिकाणाहून निघालेले हे दोन कवी विरुद्ध दिशांना जातात. एकतिसाव्या स्तोत्रातील एक प्रतिमा आम्हांस फार मोलाची वाटते. एक माणूस पोपटाला बोलावयास शिकवीत आहे. तो आरशामागे लपून बोलतो. पोपट आवाजाच्या दिशेने वळतो, त्याला आरशात आपल्यासारखाच दुसरा पोपट दिसतो. आपलाच कोणी जातभाई आपल्याशी बोलत आहे असे समजून तो बोलू लागतो. एफ्रेम म्हणतात की देवाने आपल्या बाबतीत असेच केले. आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून त्याने आपली भाषा, आपली उपमाने अंगावर घेतली.

ही प्रतिमा पोरकट वाटेल. पण तिच्यात किती समजूत आहे ते पाहावे. आरियसच्या कवितेत अंतर मोजले जाते. एफ्रेमच्या कवितेत ते अंतर देव स्वतः ओलांडतो आणि तेही आपल्याला भिवविल्याशिवाय. शब्द देहधारी झाला हे सांगावयास एका परिषदेला दुर्मीळ शब्द शोधावा लागला. या निर्वासित डीकनाने ते एका पोपटाकडून सांगितले. पंधराव्या बेनेडिक्ट पोपमहोदयांनी १९२० साली त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. कवीला मिळालेला तो मान आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो.

गाणाऱ्यांचा न्याय

हा वाद केवळ बिशपांचा कधीच नव्हता. न्यिसाच्या संत ग्रेगरी यांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये काहीशा वैतागाने सांगितले आहे की नाणी मोडून देणारा, पाव विकणारा, स्नानगृहातला नोकर, ज्याला जे विचारावे तो पिता-पुत्राच्या नात्यावर बोलू लागतो. चौथे शतक संपता संपता त्याच शहरात आरियसपंथी रात्री रस्त्यांतून आळीपाळीने गीते गात. संत जॉन क्रिसोस्तम यांनीही आपल्या लोकांच्या गाणाऱ्या मिरवणुका काढल्या. मारामारी झाली, माणसे मेली. गाण्याला असा काळा शेवटही असू शकतो, हे विसरता कामा नये.

याच्या उलट चित्र मिलानचे. ३८६ साली राजमाता जस्टिना यांनी आरियसपंथीयांसाठी चर्च मागितले. संत अँब्रोज यांनी ते दिले नाही. भाविक आपल्या बिशपांसोबत चर्चमध्ये रात्रंदिवस बसून राहिले आणि कंटाळून खचू नयेत म्हणून त्यांना पूर्वेकडच्या रीतीने स्तोत्रे गावयास शिकविण्यात आले. हे संत ऑगस्टिन यांनी नोंदविले आहे. त्या जागरणात त्यांची आई संत मोनिका आघाडीवर होती. अँब्रोज लोकांवर गीतांची मोहिनी घालतात असा विरोधकांचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला नाही. पित्याचा, पुत्राचा आणि पवित्र आत्म्याचा अंगीकार रोज साऱ्या लोकांच्या मुखातून होतो, याहून प्रभावी काय असणार, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

३५९ साली बहुसंख्य बिशपांनी दडपणाखाली डळमळीत मजकुरावर सह्या केल्या होत्या. तरी ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत नायसियाचा विश्वास पुन्हा उभा राहिला. या मधल्या काळात तो कोणी सांभाळला? कार्डिनल न्यूमन यांनी १८५९ साली एका निबंधात उत्तर दिले की धर्माधिकाऱ्यांच्या मोठ्या भागापेक्षा सामान्य भाविकांनी तो अधिक निष्ठेने सांभाळला. त्या निबंधामुळे त्यांच्यावर संशय घेतला गेला. २०१९ साली ते संत म्हणून घोषित झाले.

वाचकहो, आमच्या लेखाचा रोख आता ध्यानात आला असेल. आपल्या धर्मग्रामांतून गीते निवडताना चाल गोड आहे का, तरुणांना आवडेल का, एवढेच बहुधा पाहिले जाते. शब्दांची परीक्षा क्वचितच होते. काही गीतांत येशू हा केवळ थोर गुरू आणि दुःखितांचा मित्र एवढाच राहतो. ती गीते गोड असली तरी त्यांत आरियसचा सूर नकळत उमटतो. उलट काही गीतांत तो इतका तेजोमय असतो की त्याला कधी तहान लागली असेल असे वाटतच नाही. ती चूकही तितकीच मोठी. घरात भांडी घासताना, शेतावरून परतताना, लग्नाच्या आदल्या रात्री जे गुणगुणले जाते त्यातूनच आपल्या मुलांचा ख्रिस्त घडत असतो. गायनवृंदाची वही ही म्हणूनच लहानशी धर्मपरिषद आहे, आणि तीत बसणाऱ्यांनी आपले काम जपून करावे.

त्या मुलीला आम्ही पुढे पोपटाची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे आरशामागे खरंच कोणीतरी असतं.” तिच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर यात आले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु येत्या रविवारी विश्वासांगिकार म्हणताना आम्ही त्या एका शब्दाशी क्षणभर थांबू. आपणही थांबून पाहावे.